रुख्माबाईची मूठ

मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या पुढं शेतं संपून साजाची आणि मोहाची झाडं सुरू होतात, तिथल्या एका गावात रुख्माबाई मेश्राम राहते. माहेर तिरोडीचं, बाप मॅंगनीजच्या खाणीत होता. लग्न होऊन ती या जंगलाकाठच्या गावात आली आणि इथलीच होऊन गेली. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भातखाचरं, एक मुलगी पिंकी, आणि उन्हाळा लागला की मोहफुलं. अस्वलानं तिला धरलं ती सकाळ मोहफुलांचीच होती.

चांगलं उजाडलं होतं. रुख्माबाई वाकून वेचत होती, तिचा नवरा चैतराम थोड्या अंतरावर दुसऱ्या झाडाखाली होता. सरपणासाठी आणलेली कुऱ्हाड टोपलीशेजारी पडली होती. नाल्यातून अस्वलीण वर आली, पाठीवर पिलू घेऊन. चैतरामनं तिला आधी पाहिलं. "भाग," एवढंच तो ओरडला आणि समोरच्या साजावर चढला. रुख्माबाई वळेपर्यंत अस्वलीण तिच्यावर आली होती.

पहिल्याच फटक्यात तिचा डावा गाल सुटून खाली लोंबला आणि जबडा मोडला. ती पडली. अस्वलिणीनं मांडीत दात रोवले आणि कुत्रं चिंधी झटकतं तशी तिला झटकली. रुख्माबाईच्या तोंडात रक्त, माती आणि मोहाची फुलं होती. तशातच उजव्या हाताला कुऱ्हाडीचा दांडा लागला. पहिला घाव दाट केसांतच अडकला. दुसरा कानामागं बसला. अस्वलीण ओरडली, मागच्या पायांवर उठली आणि पुन्हा तिच्यावर आली. तिसरा घाव कपाळात गेला. ते ओझं तिच्यावर कोसळलं, त्याखालून ती सरपटत निघाली, गुडघ्यांवर उभी राहिली आणि मारत राहिली. जनावर मेलं होतं. डोकं फुटून मातीत मिसळलं होतं. तरी ती मारत होती.

मग चैतराम झाडावरून उतरला. मागून येऊन त्यानं तिचा खांदा धरला.

"मेली वं ते. बस कर आता."

रुख्माबाई वळली. कुऱ्हाड तिच्याबरोबरच वळली आणि चैतरामच्या उजव्या खांद्यात हाडापर्यंत गेली.

ओरडा ऐकून गावातले लोक धावले. दोघांना ट्रॅक्टरवर घातलं. रुख्माबाईची शुद्ध गेली होती, पण मूठ कुऱ्हाडीवरून सुटत नव्हती. शेवटी गावातल्या दोन गड्यांनी मिळून दांडा ओढून काढला. मूठ तशीच मिटलेली राहिली.

बालाघाटच्या दवाखान्यात तिचा गाल शिवला, वरचे आणि खालचे दात तारेनं बांधून जबडा बंद केला. कित्येक आठवडे तिला बोलता येणार नव्हतं. त्या आठवड्यांत चैतराम बोलला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं सांगितलं, "बाईले धरलं होतं तिनं. मी कुऱ्हाड घेऊन धावलो. मरता मरता माह्या खांद्यावर पंजा मारून गेली. हातातली कुऱ्हाड पडली, ते मंग हिनं धरून ठेवली." टाके घालणाऱ्या डॉक्टरनं त्या सरळ, खोल जखमेकडं पाहिलं, मग चैतरामच्या तोंडाकडं पाहिलं. पण वॉर्डात माणसांची रांग लागली होती. त्यानं काही विचारलं नाही.

वनखात्याचे लोक येऊन विचारपूस करून गेले. जीव वाचवायला मारलं, म्हणून त्यांनी पुढं काही केलं नाही. एका पेपरात चैतरामचा फोटो आला. गावात परत आल्यावर लोकांनी त्याला शाल आणि नारळ दिला. रुख्माबाई दाराशी खाटेवर बसून ते पाहत होती. तिचे दात अजून तारेनं बांधलेले होते, आणि उजवा हात मांडीवर दगडासारखा पडला होता.

तार निघाली तेव्हा ती बोलू शकली असती. पण तोवर नवऱ्याची गोष्ट गावाच्या तोंडी बसली होती. बायका तिला म्हणायच्या, "नशीबवान हायस बाई, असा मानूस भेटला." ती मान हलवायची.

मूठ मात्र उघडेना. झोपेतही ती घट्टच असायची. नखं वाढून तळव्यात रुतली. आतून वास येऊ लागला. पिंकी कापसाची वात करून, तेलात बुडवून बोटांच्या फटींतून आत सारायची आणि पू बाहेर काढायची. त्या वेळी रुख्माबाई भिंतीवर डोकं आपटायची.

चैतरामचा चुलतभाऊ सुखराम म्हणाला, "अस्वलीण बसली हाय मुठीत. पंड्याकडं नेऊ." त्यांच्या घरात अंगारा-धुपारा चालत नव्हता, भिंतीवर फक्त बुद्धाचा फोटो होता. पण चैतराम नको म्हणाला नाही. भुतं उतरवणाऱ्या त्या पंड्यानं विळा लाल होईस्तोवर तापवला आणि तिच्या मनगटावर दोनदा टेकवला. सुखरामनं तिचा दंड गुडघ्याखाली दाबून धरला होता. कातडं जळलं तरी मूठ सुटली नाही, तेव्हा पंड्यानं लोखंडी सळई तिच्या पहिल्या बोटाखाली घातली आणि उचकटली. ओली काडी मोडावी तसं बोट मोडलं.

हात कोपरापर्यंत सुजला. पुन्हा बालाघाट. तिथल्या सर्जननं ऑपरेशनसाठी तिला भूल दिली, आणि टेबलावर एक गोष्ट घडली. तिची शुद्ध गेली तशी चारही बोटं आणि अंगठा आपसूक उघडले, झोपलेल्या लेकराच्या हातासारखे. त्यानं बोट बसवलं, नखं कापली, तळवा धुतला. ती शुद्धीवर येऊ लागली तशी बोटं पुन्हा मिटली. सर्जननं पिंकीला बाजूला घेऊन सांगितलं, "हड्डी ठीक है, नस भी ठीक है. हाथ खुल सकता है. खुलने से डर रहा है." आणि त्यानं डॉक्टर अलकनंदा घाटे यांचं नाव दिलं. अलकनंदा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. आता त्या घरीच मनाचे रोगी पाहत आणि काहींना संमोहनानं बरं करत.

चैतरामनं ऐकलं आणि म्हणाला, "पागलाच्या डॉक्टरकडं नाही जाचं." विषय तिथंच संपला असता. पण पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस असा आला की तो संपणं शक्य नव्हतं.

रुख्माबाई चुलीपाशी डाव्या हातानं कणीक मळत होती. ताट उलटलं, पीठ राखेत गेलं. चैतराम बाहेर गेला होता. पिंकी वैतागून म्हणाली, "माय, दिवसभर तोंड पाडून काहून बसतं तू? बाबा नसते न, तू वाचलीच नसती."

रुख्माबाई उठली आणि तिनं त्या मिटलेल्या मुठीनं पोरीच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. पिंकी खाली पडली तरी ती मारत राहिली, हातोडा मारावा तशी. शेजारणीनं येऊन तिला कमरेत धरून मागं ओढलं. पिंकीचा ओठ फाटला होता आणि समोरचा दात जमिनीवर पडला होता. रुख्माबाईनं त्या दाताकडं पाहिलं आणि ती अंगणात जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी पिंकीच तिला बालाघाटला घेऊन गेली. बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या होत्या. पिंकीच्या तोंडाला ओढणी बांधलेली होती.

डॉक्टर अलकनंदांच्या खोलीत एक आरामखुर्ची, एक लाकडी खुर्ची आणि बंद खिडकी होती. रुख्माबाई उभीच राहिली.

"ही नजरबंदी असते ना?" तिनं विचारलं. "तुमी सांगान तसं मी करीन?"

"नाही," अलकनंदा म्हणाल्या. "तुम्हाला सगळं ऐकू येईल. मी काही सांगितलं आणि तुम्हाला नको वाटलं, तर तुम्ही करणार नाही. डोळे उघडून उठून गेलात तरी चालेल. तुमचं लक्ष मी एका जागी धरायला मदत करते, म्हणजे बाकीचं शरीर थोडं सैल होतं. यापेक्षा जास्त काही नाही."

"अन् पोटातलं बाहेर काढान?"

"तुम्ही सांगाल तेवढंच."

रुख्माबाई बसली. अलकनंदांनी तिला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडं बघायला लावलं, श्वास मोजून घ्यायला लावला. पापण्या जड झाल्या, मिटल्या. खांदे उतरले. अलकनंदा हळू आवाजात बोलत होत्या, आणि नव्या रोग्याशी त्या नेहमी बोलायच्या तेच बोलल्या: तुम्ही एका शांत ठिकाणी आहात, सभोवती हिरवी झाडं आहेत, पायाखाली वाळलेली पानं वाजतात.

रुख्माबाईचा चेहरा वाकडा झाला. घशातून आवाज निघाला, माणसाचा नव्हता. ती खुर्चीतून उसळली आणि मूठ अलकनंदांच्या डोळ्यावर बसली. चष्म्याची काच भुवईत गेली. दुसरा फटका कानावर बसला, अलकनंदा टेबलावर आपटून खाली पडल्या. पिंकी दार ढकलून आत आली आणि आईला मागून मिठी मारून लटकली.

रुख्माबाई भानावर आली तेव्हा डॉक्टरीणबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि भुवईवर धरलेला रुमाल लाल होत होता.

"मी मारलं?" तिनं विचारलं.

"हो. पण चूक माझी आहे," अलकनंदा म्हणाल्या. "तुम्हाला कुठं बरं वाटतं ते मी आधी विचारायला हवं होतं. मी तुम्हाला परत जंगलात नेलं."

"मले आता पोलिसात देसान?"

"नाही. पुढच्या आठवड्यात या."

अलकनंदांच्या भुवईला टाके पडले. घरच्यांनी सांगितलं, ही बाई परत घेऊ नकोस. त्यांनाही भीती वाटली होती, हे त्यांनी नंतर पिंकीला कबूल केलं. तरी आठवड्यानं रुख्माबाई आली तेव्हा दार त्यांनीच उघडलं.

या वेळी त्यांनी विचारलं, "तुमच्या हाताला कुठलं काम आवडायचं?"

रुख्माबाईनं बराच विचार केला. "रोवना," ती म्हणाली, म्हणजे भाताची लावणी. "चिखोल थंड असते. डाव्या हातात पऱ्ह्याची जुडी, उजव्या हातानं एक एक काडी चिखलात खोचाची अन् सोडून द्याची."

"सोडून द्यायची," अलकनंदा म्हणाल्या. "चला, बांधीत उतरू."

डोळे मिटले. बांधीतलं पाणी, पोटऱ्यांपर्यंतचा चिखल, पाठीवरचं ऊन. अलकनंदा तिचे शब्द तिलाच परत देत होत्या. काडी खोचली, सोडली. पुढं सरकली. काडी खोचली, सोडली. बऱ्याच वेळानं अंगठा हलला. मग करंगळी. मग हात मांडीवर पूर्ण उघडला. तळवा पांढराफटक होता, नखांच्या चार जखमा त्यात काळ्या पडल्या होत्या. दारात उभी असलेली पिंकी भिंतीला टेकून खाली बसली.

अलकनंदांनी तिला सावकाश जागं केलं. रुख्माबाईनं उघडा हात पाहिला. तिची बोटं पुन्हा कडकडून मिटली.

"काय झालं?"

"भेव लागते."

"कशाचं?"

"हात उघडा असला न, त तो काय करन याचा भरोसा नाही. बंद असला त बंद हाय." मग तिनं पिंकीला बाहेर पाठवलं आणि सांगायला सुरुवात केली. झाड, चैतराम त्यावर चढला ते, अस्वलीण, घाव. अलकनंदा ऐकत होत्या.

"आन् मंग ते खाली उतरले. मले वाटलं, दुसरं जनावर आलं, असं मी सांगू शकतो. कोनीही मानन. पन मी वळली तवा मले दिसले ते. तोंड दिसलं. अंगाले खरोच नव्हती त्यायच्या. शर्टाची गुंडीबी तुटली नव्हती. आन् मले म्हनते, बस कर." तिनं डाव्या हातानं मूठ दाबून धरली. "मी पाहून मारली, मॅडम. मानेवर मारली होती. ते सरकले म्हनून खांद्यावर बसली."

अलकनंदांनी आपली खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "हे मी कुणाला सांगणार नाही. पण हा हात रोज त्याच घरात भाकरी थापायला जातो, जिथं सगळे म्हणतात की या हातानं काहीच केलं नाही."

"सांगून टाकू त्यायले?"

"ते तुम्ही ठरवा. सांगायचं असेल तर इथं सांगा. मी असेन."

चैतराम यायला तयार नव्हता. पिंकीनं त्याला आपला पडलेला दात दाखवला आणि म्हणाली, "एक बार चलो बाबा, मेरे वास्ते." तो आला. लाकडी खुर्चीवर ताठ बसला, उजवा हात लुळा लटकत होता. दार उघडं होतं आणि पिंकी बाहेर होती. रुख्माबाईनं या वेळी तिला दूर पाठवलं नाही.

"तुमी झाडावर होते," ती म्हणाली. "मी खाली होती. अस्वलीण म्या मारली. आन् तुमच्यावर कुऱ्हाड म्या पाहून चालवली. जीव घ्याले चालवली."

चैतराम उठला. "तुह्यं डोस्कं फिरलं हाय. या बाईनं काहीतरी भरून देलं तुह्यात." त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडावर मारलं, शिवलेल्या गालावरच. जुना व्रण फाटला आणि रक्त हनुवटीवर आलं. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला. अलकनंदा मध्ये आल्या, त्यांनाही धक्का बसला. रुख्माबाईची मूठ वर गेली होती. तिच्या नवऱ्यानं ती पाहिली आणि तो एक पाऊल मागं सरला. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं, त्यानंसुद्धा.

"बसा," रुख्माबाई म्हणाली. तिनं हात खाली घेतला. "मारत नाही."

तो बसला नाही. निघून गेला, पिंकीच्या अंगावरून. पिंकीनं त्याला हाक मारली नाही. गावी जाऊन त्यानं कपडे उचलले आणि वारासिवनीला बहिणीकडं गेला. तिथल्या एका राईस मिलमध्ये तो पोती मोजण्याच्या कामावर लागला. पोती उचलणं त्याच्या खांद्याला आता जमणार नव्हतं.

गावात कुणी विचारलं की रुख्माबाई जे झालं ते सांगू लागली, मीठमिरची न लावता. अर्ध्या लोकांनी मानलं नाही. सुखराम तिघांना घेऊन आला, छपराचे कवेलू फोडले, चूल लाथाडली, तिला केसांना धरून अंगणात आणली. "खानदानाचं नाक कापलं तू," तो म्हणाला. पिंकीनं पाठीमागून त्याच्या डोक्यात मुसळ घातलं. तो बेशुद्ध पडला आणि बाकीचे दोघं त्याला उचलून घेऊन गेले, तिसरा आधीच पळाला होता. परसवाड्याच्या ठाण्यात तक्रार झाली, दोन्ही बाजूंनी. ती नंतर मिटली. पण सुखराम पुन्हा त्या अंगणात आला नाही.

दर आठवड्याला रुख्माबाई बालाघाटला जात राहिली. एका दिवसात काही झालं नाही. आधी अंगठा जागेपणी सुटा राहू लागला, मग दोन बोटं. पंड्यानं मोडलेलं बोट वाकडंच जुळलं, आणि करंगळीची शीर इतके महिने मिटून आखडली होती, ती सरळ झाली नाही. अलकनंदांनी तिला घरी स्वतःच डोळे मिटून बांधीत उतरायला शिकवलं. जबडा ठणकायला लागला की ती तसं करायची. ठणका जायचा नाही, लांब जायचा. राग मात्र अलकनंदांनी काढून घेतला नाही. रुख्माबाईनं एकदा विचारलं होतं, "हा काढता येते का?" त्या म्हणाल्या, "तो काढायचा नाही. तो कुठं ठेवायचा ते शिकायचं." पुढं कितीतरी वेळा ती त्या खोलीत उशी फाटेस्तोवर मारत बसली.

धान कापून झालं तेव्हा चैतराम परत आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला, आत आला नाही. रुख्माबाई धान उफणत होती.

"काहून आले?" तिनं विचारलं.

"झोप येत नाही." तो वाळला होता. "डोळा लागला की मी साजावर असतो. तू खाली ओरडत असतं. माहे पाय खाली येतच नाही. फांदीले चिकटून जातेत."

"मालूम हाय."

"मी भेलो होतो रुख्मा."

"मीबी भेली होती," ती म्हणाली.

तो उंबऱ्यावर बसला. तिनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. त्यानंतर तो पडवीत झोपायला लागला आणि ती आत, दाराला आडणा लावून. पिंकी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. कुणी अस्वलाची गोष्ट काढली की तो म्हणायचा, "तिले विचारा. मी वर होतो." पहिल्यांदा तसं म्हणाला तेव्हा पारावरचे लोक हसले, आणि तो मान खाली घालून बसून राहिला.

थंडीत एकदा ती बालाघाटला निघाली तेव्हा तो थांब्यापर्यंत मागं आला.

"त्या मॅडम," तो म्हणाला, "मले पाहतील का? मी त्यायले धक्का मारला होता."

"मी त डोळा फोडला होता. पाहतेत."

"मंग त्या मले झोपवतीन, आन् झोपीत मी काय काय बकीन?"

"झोपवत नाहीत. सगळं आयकू येते." बस येताना दिसली, तशी तिनं पिशवी उचलली. "आन् सांगाचं होतं ते सांगून झालं. आता काय राह्यलं बकाले."

दार उघडलं. आधी ती चढली, मग डाव्या हातानं दांडा धरून तो. खिडकीजवळची जागा रिकामी होती. ती तिथं बसली आणि पिशवी मांडीवर घेतली, म्हणजे त्याला बसायला जागा झाली.